जाळीच्या आतला हात

आमच्या क्वार्टर्समध्ये भरताचं वांगं भाजायचं असेल तर आधी घरातला माणूस ड्यूटीवर गेलाय ना, ते बघायचं. हा नियम कुणी केलेला नाही. लग्न होऊन नवीन आलेल्या मुलीला शेजारची बाई पहिल्याच आठवड्यात हळूच सांगते, "ते घरात असताना वांगं भाजू नको. सालीचा वास त्यांना चालत नाही." मुलगी का म्हणून विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझे यजमान अग्निशामक दलात आहेत. बेंगळुरूच्या पूर्वेला, महादेवपुराच्या बाजूला, फायर स्टेशनच्या मागच्या क्वार्टर्समध्ये आमचा संसार झाला. आम्ही दोघं निपाणीकडचे. ह्यांची शाळा कन्नड, माझी मराठी. इथं आल्यावर मी कन्नड शिकले ती भाजीवाल्यांकडून, बस कंडक्टरकडून आणि क्वार्टर्समधल्या बायकांकडून. आता सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या अपार्टमेंटच्या ऑफिसात काम करते. कुणाचा नळ गळतो, कुणाच्या पार्किंगच्या जागेत दुसऱ्याचीच गाडी लागली, अशा तक्रारी घ्यायच्या आणि माणूस पाठवायचा.

तिथल्या बायका मला विचारायच्या, आगीत शिरणारी माणसं असतात तरी कशी? काय सांगणार? त्यांना वाटायचं, शूर असतील, गंभीर असतील. मला तर ती सगळी थट्टेखोर माणसं म्हणूनच माहीत होती. एकाची अर्धी मिशी आगीत जळाली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याला अर्धा तुटलेला कंगवा भेट दिला. संध्याकाळी मागच्या मैदानात व्हॉलीबॉल, आणि त्यात इतका आरडाओरडा की अभ्यासाला बसलेली पोरं खिडक्या लावून घ्यायची. स्टेशनातून रोजच्यापेक्षा जास्त हसणं ऐकू यायला लागलं की मात्र आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो. आज कुणीतरी गेलं असणार.

शिवाय प्रत्येकाचं आपापलं काही असायचं. एक जण धुतलेली गाडी परत धुवायचा. एक ड्रायव्हर मोठ्या आगीवरून आला की गावी फोन लावून म्हशीने दूध किती दिलं ते विचारायचा, दुसरं काही बोलायचा नाही. ह्यांचं म्हणजे दारं. लग्नाच्या हॉलमध्ये गेलो की आधी मागचं दार कुठं आहे, त्याला कुलूप आहे का, ते बघून मग दाराजवळची खुर्ची धरायची. वधूवर दिसोत न दिसोत. लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. आमची मुलगी लहानपणी म्हणायची, "पप्पा, तुम्ही कुठेही गेलात तरी पळून जायच्याच तयारीत." हे हसायचे.

ह्यांचा जोडीदार गदगकडचा. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अक्का. दोघं एकाच वर्षी भरती झालेले, एकाच पाळीला. शिडीवर हे पुढे, त्यांच्या मागे अण्णा. कटर, हातोडा, पहार ही सगळी हत्यारं अण्णांच्या ताब्यात. पाळी सुरू झाली की पेटी उघडून एकेक तपासायची, हे त्यांचं काम. अण्णांचं आपापलं काही म्हणजे दारू. ड्यूटी संपली की थोडी. नंतर थोडीची थोडी जास्त झाली. त्यांची बायको आमच्याच मजल्यावर राहायची. ती म्हणायची, "प्यायले की निदान झोपतात तरी."  माझा नवरा पीत नव्हता, आणि झोपतही नव्हता.

ती आग उन्हाळ्यातली, उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधीची. भर दुपारची. एका जुन्या वस्तीत, गाडी जेमतेम शिरेल अशा गल्लीत, खाली सोफे आणि गाद्या बनवायचं वर्कशॉप आणि वर एक कुटुंब राहायचं. मला त्या वेळी एवढंच कळलं. मी त्या दिवशी रजेवर होते. गाडी परत आल्याचा आवाज झाला आणि स्टेशनातून हसणं काही आलं नाही. पाळी संपवून हे घरी आले, नेहमीसारखे आधी न्हाणीघरात गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"एक बाई गेली."

"आणि?"

"आणि काय न्हाई. वाढ जेवायला."

जेवले. भात दोनदा घेतला. मला बरं वाटलं. जेवणारा माणूस ठीक असतो अशी माझी समजूत होती.

पुढच्या महिन्यांत जे झालं ते एकदम झालं नाही, म्हणून लक्षात यायला वेळ लागला. रस्ता ओलांडताना मी सवयीने ह्यांचा हात धरला, तर चटका बसावा तसा त्यांनी तो ओढून घेतला. "घाम आलाय," म्हणाले. मुलीने कॉलेजचा निकाल सांगताना हातात हात दिला, तेव्हाही तसंच. उजवा हात खिशात ठेवायची सवय लागली. जेवताना बाहेर काढायचा, जेवण झालं की परत आत.

मग एका रविवारी सकाळी हे पाना घेऊन आले आणि आतल्या खोलीच्या खिडकीची लोखंडी जाळी काढायला बसले. मला वाटलं रंगवायची असेल. जाळी काढली, खाली नेली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली.

"अहो, हे काय? सरकारी जाळी आहे ती. मांजरं येतील, चोर येतील."

"येऊ देत."

"मग लावलेली कशाला होती?"

"आतला माणूस बाहेर जाऊ नये म्हणून," असं म्हणाले आणि पाना परत द्यायला निघून गेले.

मी चिडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. शेवटी अण्णांना घरी बोलावलं, म्हटलं तुम्ही तरी सांगा. अण्णा खोलीच्या उंबऱ्यात उभे राहिले, उघड्या खिडकीकडे बघितलं. मी चहा ठेवायला वळले तर म्हणाले, "सरी, बरं आहे अक्का, राहू दे. तसंच असू दे." चहा न घेताच गेले. त्यानंतर अण्णांचं आमच्याकडे येणं कमी झालं, ते मला त्यांच्या पिण्यामुळे असेल असं वाटलं.

त्या पावसाळ्यानंतर मी काम करते त्या अपार्टमेंटच्या सोसायटीने ठरवलं की मॉक ड्रिल करायचं. म्हणजे खोटी आग, खोटा धूर, आणि अग्निशामक दल येऊन लोकांना कसं सोडवतं त्याचं प्रात्यक्षिक. आमचंच स्टेशन येणार होतं. मला आनंद झाला होता, लपवत नाही. इतकी वर्षं त्या ऑफिसात मी नळाची तक्रार घेणारी बाई होते. त्या दिवशी मी चांगली इरकली नेसून गेले. बायका विचारत होत्या, "तुमचे मिस्टर कोणते?" आणि मी शिडीजवळ उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बोट दाखवत होते.

सकाळची वेळ होती. सगळे रहिवासी लॉनवर जमलेले, हातात फोन. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने अडकलेल्या बाईचं काम करायचं ठरलं होतं. आयटीतली, हसतमुख, माझ्याशी नेहमी चांगली वागणारी. बाल्कनीत धूर सोडला, शिट्टी वाजली, शिडी लागली. हे चढले. मागे अण्णा शिडीचा पाय धरून उभे. ह्यांनी वर पोचून हात पुढे केला. बाईने वाकून दोन्ही हातांनी तो घट्ट धरला आणि खाली चित्रीकरण करणाऱ्या मैत्रिणींकडे बघत मोठ्याने म्हणाली, "भैया, छोड़ना मत हां!"

सगळे हसले. हे थांबले.

सुरुवातीला लोकांना वाटलं, हा ड्रिलचाच भाग आहे. हे हलेनात. एक हात शिडीला, एक त्या बाईच्या मनगटाला. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "भैया? भैया, हाथ छोड़िए, दुख रहा है." खालून स्टेशनच्या साहेबांनी शिट्टी वाजवली, मग नावाने हाक मारली. ह्यांना ऐकू येत नव्हतं. मी अण्णांकडे बघितलं. वाटलं, आता हे चढतील. अण्णा खाली मान घालून शिडी धरून उभे होते. त्यांनी वर बघितलंच नाही.

शेवटी दुसरा एक जण जिन्याने वर जाऊन फ्लॅटमधून बाल्कनीत आला आणि त्याने ह्यांचं एकेक बोट उलगडून बाईचं मनगट सोडवलं. दोघांनी मिळून ह्यांना खाली आणलं. मुलांच्या झोपाळ्याजवळच्या गवतावर बसवलं. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. हे माझ्याकडे बघत होते पण मला ओळखत नव्हते. कन्नडमध्ये विचारलं, "ती वाचली का?"

लग्नानंतर हे माझ्याशी कधी कन्नडमध्ये बोलले नव्हते. मी म्हटलं, "अहो, खोटं होतं ते. ड्रिल होतं. काही झालं नाही कुणाला."

ते परत म्हणाले, "वाचली का ती?"

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ रहिवाशांच्या ग्रुपवर फिरला. फायरमनच घाबरला, असं खाली लिहिलेलं आणि हसणारे चेहरे. दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावरची बाई ऑफिसात आली. मनगटावर निळे वळ उठले होते. मला वाटलं, तक्रार करायला आली. तिने विचारलं, "आपके हसबैंड अब ठीक हैं?" मी हो म्हटलं. ती गेली. नंतर कळलं, ग्रुपवरचा व्हिडिओ तिनेच भांडून काढायला लावला होता. पण तोवर तो कुठे कुठे पोचला होता. माझ्या भावाने निपाणीहून मला पाठवला, "हे दाजी आहेत काय?" असं विचारत.

मला भीती होती ती स्टेशनातल्या चेष्टेची. अर्ध्या मिशीवरून वर्षभर छळणारी ती माणसं. पण तसं काही झालं नाही. पाळीवरून आल्यावर हे चप्पल काढून तसेच उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "माझी कोणी चेष्टा करेना गं."

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा त्यांची भीती दिसली ती तेव्हा. ज्याची चेष्टा करता येत नाही तो त्यांच्यातला उरत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनीही पूर्वी कुणाबाबत तसं केलं असणार. व्हॉलीबॉलला हे मैदानात उतरले की खेळ लवकर संपायचा. ह्यांच्या शेजारचा बाक रिकामा राहायला लागला. कुणी वाईट वागत नव्हतं. जरा सरकून बसत होते, एवढंच. हे आपल्यालाही होऊ शकतं असं प्रत्येकाला वाटत असावं.

साहेब चांगले होते. त्यांनी ह्यांना रजा दिली आणि मला बोलावून सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. सासूबाईंना फोनवर हे कळलं, तर त्यांनी गावच्या देवळातला अंगारा पाठवला. हे लहान मुलासारखे कपाळ पुढे करून तो लावून घ्यायचे. त्याचाच मला जास्त धसका बसला. देवाधर्मावरून आईशी वाद घालणारा माणूस होता हा.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. कन्नडमध्ये बोलत होत्या. झोप लागते का? लागते. स्वप्नं पडतात? नाही. राग येतो? नाही. भूक? आहे. सगळी उत्तरं हे अशी देत होते की जणू साहेबांसमोर हजेरी चालली आहे. मी मध्ये बोलायला गेले तर बाईंनी हातानेच थांबवलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही आल्यापासून उजवा हात खिशातच ठेवलाय. दुखतोय का?"

ह्यांनी हात बाहेर काढला, टेबलावर उताणा ठेवला. आणि बोलायला लागले.

वर्कशॉपची आग जिन्यातून वर चढली होती. घरातले बाकीचे पुढच्या बाजूने उतरले, एक बाई मागच्या खोलीत अडकली. मागच्या खिडकीला चोरांसाठी लावलेली जाड जाळी. हे शिडीवरून खिडकीपाशी पोचले तेव्हा आत काळा धूर होता आणि त्यातून एक हात बाहेर आलेला होता. ह्यांनी तो धरला. मागून अण्णांनी जाळी कापायला सुरुवात केली. हे बाईला सांगत होते, "अक्का, भिऊ नका, स्वल्प वेळ, आत्ता निघेल." ती विचारत होती, सासूबाई उतरल्या का? हे म्हणाले, उतरल्या. ती म्हणाली, "बिडबेडी." सोडू नका. परत परत तेच म्हणत होती, बिडबेडी, बिडबेडी. ह्यांनी स्वतःचा हवेचा मुखवटा काढून जाळीला लावून धरला, तिला हवा मिळावी म्हणून, पण जाळीची भोकं लहान, तिला तोंड तिथवर आणता येईना. मग कटरची चकती तुटली. दुसरी आणायला अण्णा खाली गेले. ते वर आले तेव्हा हात ह्यांच्या हातातच होता. पण तो आता धरत नव्हता.

"मी सोडला नाही," हे डॉक्टरांना म्हणाले. "जाळी निघेपर्यंत सोडला नाही. आता सोडता येत नाही."

मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. रडू आलं, आणि त्याहून आधी एक विचित्र गोष्ट मनात आली. ह्यांनी हे सगळं कन्नडमध्ये सांगितलं, सलग, कुठेही न अडखळता. त्या बाईशी ते कन्नडमध्येच बोलले होते, तिने कन्नडमध्येच विनवलं होतं. घरी येऊन मराठीत हे मला काय सांगणार होते? मराठीत त्यांच्याकडे एकच वाक्य होतं, एक बाई गेली.

औषधं सुरू झाली. झोप यायला लागली, जरा जास्तच. अंग सुटलं, बोलणं मंद झालं. आठवड्यातून एकदा त्या डॉक्टर बाईंकडे जाऊन बोलायचं. मी बाहेर बाकावर बसायची. सहा-सात वेळा गेल्यावर मुलीने एकदा पप्पांचा हात धरला आणि त्यांनी तो ओढून घेतला नाही. आमच्या घरात तेवढंच झालं चांगलं.

त्याच दिवसांत एका सकाळी मी कामाला निघाले तर जिन्याच्या खाली अण्णा उभे होते. ड्यूटीचे कपडे, दाढी वाढलेली. म्हणाले, "अक्का, एक विचारू?"

"विचारा की."

"डॉक्टरला त्याने त्या दिवसाचं सांगितलं?"

"हो."

"माझ्याबद्दल काय म्हणाला?"

मी आठवून बघितलं. "चकती तुटली आणि तुम्ही दुसरी आणायला खाली गेलात, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. का हो, अण्णा?"

"सरी," म्हणाले, आणि क्वार्टर्सच्या फाटकाकडे चालायला लागले. पाळी सुरू व्हायची वेळ होती आणि ते स्टेशनच्या उलट दिशेला जात होते. मी हाक मारायला हवी होती की नको, अजून कळत नाही. महिन्याभरात अण्णांनी बदली मागून घेतली, देवनहळ्ळीच्या बाजूला. सामान टेम्पोत चढवताना त्यांची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. हे वर खिडकीत उभे होते. खाली अण्णांनी वर बघितलं नाही. एका ताटातला भात खाल्लेली माणसं ती.

ह्यांना शिडीवरून काढलं आणि फोनवर बसवलं. लोक आगीचा फोन करतात तो घ्यायचा, पत्ता विचारायचा, गाडी पाठवायची आणि गाडी पोचेपर्यंत पलीकडच्याशी बोलत राहायचं. साहेबांना वाटलं हलकं काम आहे. हे म्हणाले, पूर्वी निदान डोळ्यांना दिसायचं. आता कानात ओरडणं येतं आणि मध्येच फोन बंद होतो. तो माणूस खाली उतरला की फोनच जळाला, कळायला मार्ग नाही. गाडी परत आली की हे बाहेर येऊन उतरणाऱ्यांची तोंडं बघायचे. विचारायचे नाहीत. पण आवाज ह्यांचा छान आहे, ठाम आहे. दाराखाली ओला टॉवेल लावा, खिडकीपाशी जा, जमिनीलगत बसा, असं सांगतात तेव्हा लोक ऐकतात म्हणे. काम चुकलं असं कधी झालं नाही.

गेल्या वर्षी अण्णांच्या बायकोचा फोन आला. "अक्का, एकदा येऊन जा. त्यांना घेऊन या."

रविवारी सकाळी आम्ही बसने देवनहळ्ळीला गेलो. विमानतळाचा रस्ता सोडला की दोन्ही बाजूंना शेतं, आणि शेतांत पिकाऐवजी प्लॉटचे दगड रोवलेले. अण्णांचं भाड्याचं घर किल्ल्याच्या जवळ. आत कॉटवर अण्णा होते. हातपाय काड्यांसारखे, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. पिऊन पिऊन लिव्हर गेलं होतं. आमच्या ह्यांना बघून उठायला गेले, जमलं नाही.

हे कॉटजवळच्या स्टुलावर बसले. वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, आणि मी दारातच.  मग अण्णाच म्हणाले, "पेटीत जादाची चकती नव्हती. पाळीला मी पेटी उघडून बघितलीच नव्हती त्या दिवशी. रात्रीची उतरली नव्हती माझी. दुसऱ्या गाडीतून आणावी लागली. गल्लीच्या तोंडाशी होती ती गाडी."

हे म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू खाली उतरलास तेव्हाच. पेटी वर तुझ्याजवळच होती. चकती तिच्यात असती तर तू उतरला नसतास."

अण्णांच्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं रे."

 ह्यांनी उजवा हात पुढे केला आणि अण्णांच्या मनगटावर ठेवला. तिथेच राहू दिला, वहिनी पेज घेऊन येईपर्यंत.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हे तुम्ही डॉक्टरांनासुद्धा सांगितलं नाही."

"सांगून काय झालं असतं? कागदावर आलं असतं. त्याची नोकरी गेली असती. पोरी लग्नाच्या होत्या त्याच्या."

"आणि तुमचं काय झालं त्यात?"

"माझी नोकरी आहे की अजून."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला अण्णांचा राग यायला हवा होता, तो येत नव्हता. ह्यांचा येत होता. दोघांनी एकमेकांना वाचवायच्या नादात एकमेकांना काय केलं! एकाने सांगितलं नाही म्हणून दुसरा पीत राहिला. आणि त्या बाईच्या घरी कुणीतरी असेल, नवरा असेल, ती सासू असेल, जी उतरली होती. त्यांना कोणी काय सांगितलं असेल? धुराने गेली, एवढंच. आता ते मलाही माहीत झालं होतं आणि मीही कुणाला सांगणार नव्हते.

दसऱ्याच्या आधी अण्णा गेले. गदगला, त्यांच्या गावी नेलं. स्टेशनातले जुने सगळे आले होते, एक गाडी करून. मृताला न जाळता मातीत बसवून पुरायची त्यांच्यात रीत आहे. प्रत्येकाने मूठभर माती टाकली. हे टाकून बाजूला झाले. रडले नाहीत. परतताना गाडीत कुणीतरी अण्णांची जुनी गोष्ट काढली, भटारखान्याच्या आगीत जळका पाव खाऊन "मीठ कमी आहे" म्हणालेले ती. सगळे हसायला लागले, डोळे पुसेपर्यंत हसले. मागच्या सीटवर हे आणि मी. कुणीतरी मागे वळून ह्यांना म्हणालं, "तू होतास ना रे तेव्हा? सांग की पुढचं."

सगळे वाट बघत होते. ह्यांनी तोंड उघडलं, थोडं हसल्यासारखं केलं. "आठवत नाही," म्हणाले.

गाडीतलं हसणं हळूहळू थांबलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन हे फोनवर बसायला गेले, आणि मी सर्जापूर रोडची बस पकडली.